धावपट्टीखालचं गायरान

मंडळाची स्मरणिका काढायचं ठरलं तेव्हा संपादक मंडळानं कामं वाटून दिली. मनोगतं, कार्यक्रमांचा आढावा, हिशेब आणि देणगीदारांची यादी इतर पानांवर आहेतच. माझ्या वाट्याला आला एका जागेचा इतिहास. न्यूबरीच्या आग्नेयेला असलेल्या ग्रीनहॅम कॉमनचा.

आपल्यातले बरेच जण पुण्या-मुंबईहून कंपनीच्या कामासाठी बर्कशर परगण्यात आले, न्यूबरी, थॅचम, रेडिंगला घरं केली आणि पहिल्याच हिवाळ्यात कुणाच्या तरी ओळखीनं या माळावर चालायला आले. गणपतीसाठी, दिवाळी पहाटेसाठी आपण दर वेळी सभागृह भाड्यानं घेतो. या माळाचं भाडं कुणी मागत नाही. बारा महिने तो उघडा असतो. तिकीट नाही, वेळापत्रक नाही. मंडळातल्या किती ओळखी इथल्या वाटांवर चालताना पक्क्या झाल्या, याचा हिशेब खजिनदारांनाही मांडता येणार नाही. म्हणून मंडळाच्या स्मरणिकेत या जागेलाही तिची पानं मिळाली, याचा मला मनापासून आनंद आहे.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा दाट धुकं होतं. खडीची रुंद, सरळ वाट पायाखाली होती आणि दोन्ही बाजूंना काटेरी झुडपं. चालता चालता समोर अग्निशमनाचा एक गंजका नळखांब दिसला. भर माळावर, आसपास एकही इमारत नसताना. एक गाय त्याला मान घासत उभी होती. सोबतच्या ताई म्हणाल्या, "अगं, आपण धावपट्टीवर चालतोय." त्या एका वाक्यानं माझं कुतूहल जागं झालं आणि मी वाचायला, विचारायला लागले. जे हाती आलं ते इथं क्रमानं मांडते आहे.

आधी गायरान होतं

उत्तरेला केनेट आणि दक्षिणेला एनबॉर्न, अशा दोन नद्यांच्या मधलं हे खडीचं सपाट पठार. माती पातळ, आम्लधर्मी, शेतीला निकस. अशा जमिनीवर नांगर चालत नाही, पण गुरं चरतात, सरपण मिळतं, घराच्या कामाला खडी निघते. आपल्याकडे गावानं जी जमीन गायरान म्हणून राखली ती बहुधा अशीच असते.

इंग्लंडमधलं कॉमन आणि आपलं गायरान मात्र अगदी एकच नव्हे. आपलं गायरान सरकारी मालकीचं आणि गावाच्या गुरांसाठी राखीव. इथं जमिनीची मालकी परंपरेनं तिथल्या जहागीरदाराकडे असायची, आणि तिच्यावर आजूबाजूच्या ठरावीक घरांचे हक्क असायचे: गुरं चारायचा, सरपण न्यायचा, खडी काढायचा. हा हक्क बहुधा घराला किंवा शेताला जोडलेला असतो. घर विकलं की तो नव्या मालकाकडे जातो. ज्यांना असा हक्क आहे त्यांना कॉमनर म्हणतात. खालची जमीन कुणी विकत घेतली तरी वरचा चराईचा हक्क आपोआप संपत नाही. ही एक गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढची सगळी कहाणी तिच्यावरच उभी आहे.

१९३८ साली न्यूबरीच्या नगरपालिकेनं ग्रीनहॅमचा माळ लोकांना मोकळी जागा राहावी म्हणून विकत घेतला. पण ते सुख फार टिकलं नाही. पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झालं आणि १९४१ मध्ये हवाई खात्यानं हा माळ आणि त्याला लागून असलेला क्रूकहॅमचा माळ ताब्यात घेतला. विमानतळाला लागते तशी सपाट, पाण्याचा निचरा होणारी, उंचावरची जमीन इथं आयती होती. झाडी उतरवली गेली आणि १९४२ मध्ये विमानतळ सुरू झाला.

५ जून १९४४ ची संध्याकाळ

१९४४ च्या आरंभी इथं अमेरिकेच्या हवाई दलाच्या सैन्यवाहू तुकड्या आल्या. त्यांची विमानं सी-४७ जातीची. आपल्याला ती डकोटा या नावानं माहीत आहेत. पुढे २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख रेजिमेंटचे जवान घेऊन श्रीनगरला उतरली ती विमानं याच जातीची होती.

५ जूनच्या संध्याकाळी जनरल आयझेनहॉवर ग्रीनहॅमला आले. नॉर्मंडीवरची चढाई एक दिवस लांबली होती आणि आता ती होणार हे ठरलं होतं. १०१ व्या हवाई छत्री डिव्हिजनचे जवान तोंडाला काजळी फासून, पाठीवर छत्र्या बांधून विमानात चढायच्या तयारीत होते. आयझेनहॉवर त्यांच्यात मिसळून बोलत राहिले. त्या वेळी टिपलेलं एक छायाचित्र जगभर गेलं. त्यात त्यांच्या समोर उभ्या असलेल्या लेफ्टनंट वॉलेस स्ट्रोबेल यांच्या गळ्यात २३ आकड्याची पाटी आहे. तो त्यांच्या विमानाचा क्रमांक. त्याच दिवशी ते २२ वर्षांचे झाले होते. रात्री अकराच्या आधीच पहिली विमानं धावपट्टी सोडून फ्रान्सच्या दिशेनं निघाली. चढाई फसली तर जबाबदारी आपली, असं लिहिलेली एक चिठ्ठी आयझेनहॉवर यांनी त्याच दिवशी लिहून खिशात ठेवली होती. ती वापरायची वेळ आली नाही.

या माळावरून गेलेली सगळी माणसं परत आली नाहीत. काही तर इथंच गेली. १९४४ च्या डिसेंबरात इथं ग्लायडर कोसळून अमेरिकी जवान मरण पावले. त्यांचं स्मारक आजही जपलेलं आहे.

माळ परत मिळाला, पुन्हा गेला

युद्ध संपल्यावर विमानतळ बंद झाला आणि न्यूबरीच्या लोकांना वाटलं, आता आपला माळ आपल्याला मिळेल. पण शीतयुद्ध सुरू झालं होतं. १९५१ मध्ये अमेरिकेच्या अणुबाँबवाहू विमानांसाठी ग्रीनहॅम पुन्हा निवडलं गेलं. गावकऱ्यांनी विरोध केला, हजारो सह्या गोळा झाल्या, पण उपयोग झाला नाही. जमीन सरकारकडे गेली. न्यूबरीहून बेसिंगस्टोकला जाणारा मोठा रस्ता वळवावा लागला आणि जुन्या धावपट्टीच्या जागी १०,००० फुटांची, म्हणजे सुमारे ३ किलोमीटर लांबीची नवी धावपट्टी झाली. बी-४७ या अवजड जेट बाँबफेकी विमानांना ती लागत होती.

या विमानांच्या काळातला एक अपघात जुन्या माणसांच्या आजही लक्षात आहे. २८ फेब्रुवारी १९५८ ला एका बी-४७ ला उड्डाणानंतर लगेच अडचण आली आणि त्यानं पंखाखालच्या इंधनाच्या टाक्या सोडून दिल्या. त्यांतली एक उभ्या असलेल्या दुसऱ्या विमानाजवळ आदळली. आग अनेक तास धुमसत राहिली. दोन माणसं गेली.

१९६४ मध्ये अमेरिकी हवाई दलानं तळ सोडला आणि धावपट्टी बरीच वर्षं राखीव म्हणून पडून राहिली. १९७३ पासून १९८३ पर्यंत एक-दोन वर्षांच्या अंतरानं इथं मोठा हवाई मेळावा भरत असे. आज तोच मेळावा फेअरफर्डला भरतो.

हा मेळावा इथं सुरू होण्याच्या आदल्या वर्षी या तळानं एक वेगळं काम केलं, आणि आपल्या वाचकांनी ते आवर्जून लक्षात ठेवावं. ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीन यांनी युगांडातल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं. सुमारे २८,००० माणसं ब्रिटनमध्ये आली. त्यांच्यासाठी रिकाम्या लष्करी छावण्या उघडल्या गेल्या, त्यांत ग्रीनहॅम होतं. युगांडातल्या या समाजात गुजराती बहुसंख्य होते, आणि गोव्याची कुटुंबंही होती. उबदार देशातून एका सूटकेससह आलेल्या त्या माणसांनी याच माळावर पहिलं धुकं पाहिलं. आपण इथं नोकरीचं पत्र हातात घेऊन आलो. ते घरदार मागे टाकून आले. त्यांची आठवण मला दर हिवाळ्यात होते.

कुंपणापलीकडचं ठाण

डिसेंबर १९७९ मध्ये नाटोनं पश्चिम युरोपात अमेरिकेची क्रूझ आणि पर्शिंग क्षेपणास्त्रं ठेवायचं ठरवलं. पुढच्या वर्षी जाहीर झालं की क्रूझपैकी ९६ ग्रीनहॅमला येणार. मातीच्या प्रचंड ढिगांखाली काँक्रीटचे सहा कोठार-निवारे बांधायला घेतले गेले. आजही माळाच्या नैर्ऋत्येला ते हिरव्या टेकाडांसारखे दिसतात.

२७ ऑगस्ट १९८१ ला वेल्समधल्या कार्डिफहून एक पदयात्रा निघाली. सुमारे ३६ स्त्रिया, काहींच्या कडेवर मुलं, सोबत मोजके पुरुष. सुमारे ११० मैल चालून त्या ५ सप्टेंबरला ग्रीनहॅमच्या मुख्य फाटकाशी पोचल्या. त्यांना या प्रश्नावर जाहीर चर्चा हवी होती. कुणी दाद दिली नाही म्हणून चौघींनी स्वतःला कुंपणाला साखळीनं बांधून घेतलं आणि बाकीच्या तिथंच थांबल्या. पंढरीची वारी पाहिलेल्या माणसाला चालत जाऊन मागणं मांडण्याची ही रीत परकी वाटणार नाही.

पदयात्रेचं ठाण झालं. पुढच्या वर्षी ते फक्त स्त्रियांचं असं ठरलं. एकेका फाटकाला रंगाचं नाव पडलं: पिवळं, हिरवं, निळं, नारिंगी. मुख्य फाटक ते पिवळं. जप्तीवाले येत आणि तंबू उचलून नेत, म्हणून बायकांनी जवळच्या झाडांच्या लवचिक फांद्या जमिनीत रोवून, वाकवून, वर प्लास्टिकचा कागद टाकून खोपी बांधल्या. एक मोडली की दुसरी उभी. पाणी लांबून आणायचं, उघड्यावर चूल, पावसात भिजलेली अंथरुणं. आपल्याकडच्या ऊसतोडीच्या फडावरच्या कोप्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे राहणं डोळ्यांपुढे आणायला अवघड जाणार नाही. शेजारच्या गावांतल्या अनेकांना हे ठाण मुळीच रुचत नव्हतं, कडू वादही झाले. तेही इतिहासातच येतं.

१२ डिसेंबर १९८२ ला सुमारे ३०,००० स्त्रिया आल्या आणि हातात हात धरून त्यांनी तळाच्या ९ मैलांच्या कुंपणाला कडं केलं. तारांना त्यांनी मुलांचे फोटो, बाळांचे लोकरी मोजे बांधले. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, १ जानेवारी १९८३ च्या पहाटे, ४४ जणी शिड्या लावून कुंपणाच्या आत उतरल्या आणि अर्धवट बांधलेल्या कोठारावर चढून, हात धरून, फेर धरून नाचल्या. मला तर मंगळागौरीचा फेरच आठवला. त्या एप्रिलमध्ये बर्गफील्ड आणि अल्डरमॅस्टन ही अण्वस्त्रांची केंद्रं आणि ग्रीनहॅम अशी १४ मैलांची माणसांची साखळी झाली.

तरीही १४ नोव्हेंबर १९८३ ला पहिली क्षेपणास्त्रं आली. ती रात्री-अपरात्री वाहनांच्या ताफ्यातून सरावासाठी बाहेर काढली जात आणि स्त्रिया व त्यांचे साथी रस्त्यारस्त्यावर त्यांचा माग ठेवत. ५ ऑगस्ट १९८९ ला ठाणातली हेलन थॉमस ही २२ वर्षांची वेल्श मुलगी फाटकाजवळच्या रस्त्यावर वाहनाच्या धडकेत गेली.

८ डिसेंबर १९८७ ला रेगन आणि गोर्बाचेव्ह यांनी मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रं मुळापासून नष्ट करण्याच्या करारावर सह्या केल्या. करारानुसार सोव्हिएत निरीक्षक स्वतः ग्रीनहॅमला येऊन तपासणी करून गेले. पहिली क्षेपणास्त्रं १ ऑगस्ट १९८९ ला हलली, शेवटची ५ मार्च १९९१ ला. करार दोन महासत्तांनी केला. पण ज्या माळाचं नाव जगानं एरवी ऐकलंही नसतं, त्याला जगाच्या बातम्यांत आणलं ते या स्त्रियांनी.

चराईच्या हक्कानं जिंकलेला खटला

ठाणाची ही हकिगत बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते. न्यायालयातली गोष्ट त्यामानानं कमी सांगितली जाते, आणि माझ्या मते या जागेच्या इतिहासाचा कणा तीच आहे.

१९८५ मध्ये संरक्षण खात्यानं १८९२ च्या लष्करी जमिनींच्या कायद्याखाली नियम केले. परवानगीशिवाय तळाच्या हद्दीत शिरणं हा त्यामुळे गुन्हा झाला. शेकडो स्त्रियांवर खटले भरले गेले. त्यांतल्या जीन हचिन्सन आणि जॉर्जिना स्मिथ या दोघींनी नियमांच्या मुळालाच हात घातला. त्यांचं म्हणणं साधं होतं. मूळ कायद्यातच लिहिलं आहे की, अशा नियमांनी कुणाच्याही सामायिक हक्काला बाध येता कामा नये. ग्रीनहॅमच्या माळावर कॉमनरांचा चराईचा हक्क आहे. नव्या नियमांनी कॉमनरलाही आत जायला बंदी होते. म्हणून नियमच बेकायदा.

या दोघी स्वतः कॉमनर नव्हत्या. त्यांची गाय नव्हती, घराला जोडलेला हक्क नव्हता. तरीही नियम मुळात अवैध असतील तर त्याखाली कुणालाच शिक्षा होऊ शकत नाही, हा मुद्दा त्यांनी लावून धरला. खालच्या न्यायालयात शिक्षा, अपिलात सुटका, उच्च न्यायालयात पुन्हा उलट निकाल, अशी चढउतार होत प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं. त्या काळी तेच देशाचं सर्वोच्च न्यायपीठ होतं. जुलै १९९० मध्ये तिथल्या न्यायमूर्तींनी दोघींच्या बाजूनं निकाल दिला. नियम अवैध ठरले.

अणुबाँबच्या तळाभोवती काटेरी तारा होत्या, बंदूकधारी पहारा होता, मागे दोन देशांची सरकारं होती. त्या सगळ्यासमोर कायद्याच्या तराजूत एका गाईच्या चाऱ्याचा हक्क जड झाला. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून काही वेळ तशीच बसून राहिले होते.

काँक्रीट उकरलं

सप्टेंबर १९९२ मध्ये अमेरिकी हवाई दल निघून गेलं. आता या एवढ्या जागेचं करायचं काय, हा प्रश्न होता. घरं बांधता आली असती, विमानतळ पुन्हा सुरू करता आला असता. १९९७ मध्ये जो मार्ग निघाला तो आपण समजून घेण्यासारखा आहे. इमारतींचा भाग ग्रीनहॅम कॉमन ट्रस्ट या धर्मादाय संस्थेनं ७० लाख पौंडांना घेतला आणि तिथं उद्योगांना गाळे भाड्यानं दिले. भाड्याचं उत्पन्न परिसरातल्या सामाजिक कामांना जातं. मोकळा माळ स्थानिक परिषदेकडे आला, तो १ पौंडाला.

मग धावपट्टी फोडायचं काम झालं. हजारो टन काँक्रीट आणि खडी निघाली. त्यांतली काही न्यूबरीच्या नव्या वळणरस्त्याच्या कामी आली. ८ एप्रिल २००० ला कुंपण हटवून माळ लोकांना खुला झाला. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला, पदयात्रा पोचल्याला बरोबर १९ वर्षं झाली त्या दिवशी, ठाणातल्या शेवटच्या स्त्रियाही निघाल्या. २००२ मध्ये ग्रीनहॅम आणि क्रूकहॅम कॉमनांसाठी संसदेचा स्वतंत्र कायदा झाला. चराईचे हक्क आणि लोकांचा पायी फिरायचा हक्क त्यात पक्के झाले, आणि माळाच्या देखरेखीसाठी एक आयोग नेमला गेला. १९४१ मध्ये गेलेली जमीन कायद्यानं परत कॉमन व्हायला ६१ वर्षं लागली.

बारा महिन्यांची वाट

नव्या वाचकांसाठी आता थोडं आजच्या माळाविषयी. न्यूबरी स्थानकापासून चालतही जाता येतं. गाडीनं आलात तर ब्युरीज बँक रस्त्यावर जुन्या नियंत्रण मनोऱ्याजवळ गाडी लावा. मधली सरळ वाट धावपट्टीच्याच रेषेवर आहे. मध्यावर मूळ काँक्रीटचा एक तुकडा फुलीच्या आकारात मुद्दाम राखला आहे. त्यावर उभं राहून दोन्हीकडे नजर टाकली की लांबीचा अंदाज येतो. जवळच पाण्याच्या तळ्यात लोखंडाचं एक गंजकं विमान दिसेल. ते कधी उडालं नाही. आग विझवायच्या सरावासाठी बनवलेला तो सांगाडा आहे.

पठाराच्या कडांना, दोन्ही नद्यांकडे उतरणाऱ्या घळींत, दाट झाडी आहे. ओक, ॲल्डर आणि मुख्य म्हणजे बर्च. पांढऱ्या, पापुद्रे सुटणाऱ्या सालीचा बर्च हा आपल्या हिमालयातल्या भूर्जाचा भाऊबंद. ज्याच्या सालीवर आपल्या पूर्वजांनी पोथ्या लिहिल्या त्याच कुळातलं झाड. उन्हाळ्यात मुलांना घेऊन याच सावलीच्या वाटांनी जावं.

वसंतात चंडोल धावपट्टीच्या जागेवरून सरळ वर चढत गातो. मार्च ते जुलै अखेर पक्षी जमिनीवर घरटी करतात. तेव्हा कुत्रा पट्ट्यालाच हवा आणि आपण वाटेवरच. मे महिन्यात आफ्रिकेतून रातवा येतो. सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासानं उभं राहिलं की शिवणयंत्र चालावं तसा त्याचा एकसुरी आवाज झुडपांतून येतो. ऑगस्टमध्ये हेदर फुलतं आणि सगळा माळ जांभळा होतो. थंडीत कमी लोक असतात, वाटांवर पाणी साचतं, दूरपर्यंत दिसतं. पिवळं गॉर्स मात्र जवळजवळ वर्षभर कुठे ना कुठे फुललेलं असतं. उन्हात ॲडर हा विषारी साप वाटेकडेला पडलेला दिसला तर लांबून पाहावा. तो स्वतःहून अंगावर येत नाही.

या मातीत एक नवल आहे. मूळ जमीन आम्लधर्मी, म्हणून तिथं हेदर वाढतं. पण वर्षानुवर्षं काँक्रीटमधला चुना आजूबाजूला झिरपत राहिला आणि तेवढ्या पट्ट्यात चुनखडीच्या जमिनीला सरावलेली फुलं रुजली. एरवी शेजारी न दिसणाऱ्या वनस्पती इथं हातभर अंतरावर दिसतात. धावपट्टी गेली, तिची चव मातीत राहिली.

हिवाळ्यात स्वयंसेवक माळावरचे कोवळे बर्च आणि गॉर्स तोडताना दिसतात. आपल्याला ते खटकतं. वृक्षतोड कशाला, असं मलाही वाटलं होतं. पण हेदरचा मोकळा माळ हा अधिवास माणसानं आणि गुरांनी मिळून टिकवला आहे. गुरं चरली नाहीत आणि रोपं काढली नाहीत, तर काही वर्षांत तिथं सगळीकडे झाडी माजेल आणि रातवा, चंडोल, टिटवी यांची जागा जाईल. म्हणून कॉमनरांची गुरं हे इथल्या निसर्गरक्षणाचं मुख्य साधन आहे. ज्या हक्कानं खटला जिंकला तोच हक्क आज रोज सकाळी माळावर चरत असतो.

ज्यांनी जपलं ते

माळाची व्यवस्था आज बर्कशर, बकिंगहॅमशर आणि ऑक्सफर्डशर परगण्यांचा वन्यजीव न्यास पाहतो. नियंत्रण मनोरा ग्रीनहॅमच्या ग्रामपंचायतीनं घेतला, दुरुस्त केला आणि २०१८ मध्ये लोकांना खुला केला. खाली चहापाण्याची सोय, आत प्रदर्शन, आणि वरच्या काचेच्या खोलीतून संपूर्ण माळ दिसतो. तिथं माहिती सांगणारी माणसं स्वयंसेवक आहेत. आपल्या मंडळातल्यांनाही महिन्यातली एक सकाळ देता येईल. क्षेपणास्त्रांची कोठारं २००३ पासून संरक्षित स्मारक आहेत, पण ती खासगी मालकीची असल्यानं कुंपणाबाहेरूनच पाहावी लागतात. 'स्टार वॉर्स'च्या 'द फोर्स अवेकन्स' या चित्रपटाचं चित्रण तिथं झालं, हे मुलांना सांगा. मग ती न कंटाळता तिथवर चालतील. जुन्या पिवळ्या फाटकापाशी शांतता उद्यान आहे. वेल्सहून आणलेल्या उभ्या शिळांचं वर्तुळ. हेलन थॉमसची स्मृतीही तिथंच जपली आहे. चालणं संपवताना पाच मिनिटं तिथं थांबावं.

शेवटी मंडळाच्या सभासदांना एक विनंती. या माळाचं गायरानपण टिकलं, कारण हक्क कागदावर नोंदलेले होते, ज्यांचे होते त्यांनी ते विसरू दिले नाहीत, आणि ज्यांचे नव्हते अशाही दोघी त्यांच्यासाठी न्यायालयात उभ्या राहिल्या. आपल्या गावांनाही गायरानं आहेत. काहींवर अतिक्रमणं आहेत, काही सरकारी प्रकल्पांना गेली, काहींचं नुसतं नाव उरलं आहे. यंदा सुट्टीत गावी जाल तेव्हा तलाठ्याकडे जाऊन आपल्या गावचं गायरान कोणत्या गटात आहे आणि सातबाऱ्यावर त्याचं किती क्षेत्र उरलं आहे, हे विचारा आणि उतारा काढून आणा. मंडळाच्या पुढच्या स्मरणिकेत त्या नोंदींसाठी पानं राखून ठेवली आहेत.